पाय न टेकता: कोकणच्या कातळावर ट्रायल्सची गाडी

आमच्या वाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, जाणारी एक जुनी पायऱ्यांची पाखाडी आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता झाला तशी ती ओस पडली. आता तिच्यावरून गुरं जातात आणि मी. बावन्न पायऱ्या, त्यातल्या निम्म्या हललेल्या. पायी चढायला दोन मिनिटं लागतात, गाडीवरून चार. शेजारचे तात्या खळ्यात बसून विचारतात, "चलत बेगीन जातंस, तर गाडी कित्याक रे?" प्रश्न रास्त आहे. पण ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ म्हणजे नेमकं हेच. जिथे धड चालता येत नाही तिथून गाडी न्यायची, सावकाश न्यायची, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की दंड. पहिला कोण आला याला काही किंमत नाही.

हा खेळ वाढला ब्रिटन आणि स्पेनमध्ये. स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९०९ मध्ये पाच दिवसांची म्हणून सुरू झाली आणि पुढे सहा दिवसांची झाली; फोर्ट विल्यमच्या आसपासच्या ओढ्यांतून आणि धोंड्यांतून ती आजही चालते. तिथले फोटो पाहिले आणि मला वाटलं, अरे, हा तर आपला वहाळ! फक्त काठाला माड नाहीत. सडा, वहाळ, जांभ्याची चिरेखाण, पाखाडी, गडग्याचे म्हणजे दगडी कुंपणाचे पडके धोंडे, ट्रायल्सला लागतं ते सगळं आपल्याकडे घराच्या मागे पडलेलं आहे. गाडी तेवढी नाही. म्हणून गाडीपासून सुरुवात.

कुठली गाडी धरायची

खरी ट्रायल्स गाडी माँटेसा, बीटा, शेर्को, गॅसगॅस, टीआरएस यांची. वजन साधारण ६५ ते ७० किलो, सीट जवळजवळ नाहीच, पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. स्पेनचा टोनी बोऊ माँटेसावर २००७ पासून तब्बल २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता मैदानी जगज्जेता झाला, हे ऐकलं की अशी गाडी हवीशी वाटतेच. पण ती परदेशातून मागवायची तर जहाजाचं भाडं, कर, एजंट हे सगळं धरून आकडा ऐकताना पोटात गोळा येतो, आणि पुढे सुटे भागही तिकडूनच. कुणाकडे असे पैसे असतील तर त्याने हा पुढचा गाडी बनवण्याचा भाग सोडून टायरपासून वाचावं.

बाकीच्यांनी आपल्याच रस्त्यावरची गाडी हाताशी धरायची. पहिलं नाव निघतं बुलेटचं, आणि ते उगाच नाही. मागच्या चाकाला स्विंगआर्म (चाक धरून वरखाली हलणारा दांडा) असलेली बुलेट लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती १९४८ च्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. पुढे जॉनी ब्रिटन हा खेळाडू १९५२ आणि १९५७ मध्ये रॉयल एनफिल्डवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकला. त्या आठवणीखातर कंपनीने २०१९ मध्ये आपल्याकडे बुलेट ट्रायल्स ३५० आणि ५०० काढल्या होत्या. दिसायला देखण्या, पण वजन पावणेदोनशे किलोच्या वर. वहाळात आडवी पडली तर उचलायला वाडी गोळा करावी लागेल. यामाहाच्या आरएक्स १०० चं इंजिन हलकं आणि गोड, पण आता तिला हौशी लोकांनी सोन्याचा भाव आणलाय. तिच्या फ्रेमला ग्राइंडर लावायचं धाडस मला झालं नाही.

माझ्या मते दोनच गाड्या कामाच्या. २०११ मध्ये आलेली हिरो इम्पल्स, दीडशे सीसी, १३४ किलो. ती कधीच बंद झाली, त्यामुळे जुनीच शोधावी लागते. दुसरी हिरोचीच, २०१९ पासूनची एक्सपल्स २००. तिची चाकं कंपनीतूनच पुढे २१ आणि मागे १८ इंची असतात, म्हणजे ट्रायल्सचा टायर थेट बसतो. पण वजन दीडशेच्या वर. मी इम्पल्स घेतली. तिची चाकं १९ आणि १७ इंची, त्यामुळे रिम बदलून नव्याने तारा ओवून घ्याव्या लागल्या. आता पुन्हा घ्यायची झाली तर कदाचित एक्सपल्स घेईन. कदाचित. वीस किलो म्हणजे चाळीसाव्या पडण्याला कळतात.

जुनी गाडी बघायला जाताना किलोमीटर बघू नका, काटा फिरवलेला असतोच. इंजिन गार असताना किक मारून बघा. हँडलच्या बेअरिंगमध्ये खटका लागतो का, फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके आहेत का, ते बोटाने चाचपा. किनाऱ्यावरच्या गाडीला ते असतातच, आणि तेच ठिपके पुढे ऑईल सील फाडतात. घाटावरची गाडी मिळाली तर गंज कमी. मात्र कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे बसवलेला कार्ब्युरेटर खाली किनाऱ्यावरच्या दाट हवेत थोडा लीन चालतो, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गाडी आणल्या आणल्या "इंजिनात काहीतरी आहे" म्हणून घाबरून इंजिन खोलू नका. आधी मिक्श्चरचा स्क्रू बघा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

कागद

हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने फेरफार करायचे नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं. सीट काढलेली, दिवा काढलेली, चेनसेट बदललेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, बस्स. माझी गाडी छोट्या हत्तीत चढते, सड्यावर उतरते, संध्याकाळी तशीच परत येते. परदेशी ट्रायल्स गाडीचंही तेच; ती रस्त्यासाठी बनलेलीच नसते.

आधी काढा, मग लावा

पहिले दोन दिवस फक्त पाना चालवायचा. सीट, मागचा मडगार्ड, ग्रॅबरेल, दिवा, मीटर, आरसे, साइड स्टँड, मोठी टाकी. सायलेन्सर मात्र काढू नका. सायलेन्सरशिवाय गाडी जास्त ओढते ही गॅरेजमधली जुनी अंधश्रद्धा आहे. खालच्या रेसवर ती उलट आचके देते, आणि गावाचं प्रेम पहिल्याच रविवारी संपतं. टाकीच्या जागी मी दोन लिटरचा छोटा डबा बसवला. काजूबी जिथे घालतो त्या व्यापाऱ्याच्या काट्यावर गाडी चढवली तर ११४ भरली. व्यापाऱ्याने कुठलाही दर लावला नाही.

मग चेनसेट. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. दात मोजा. समजा पुढे १४ आणि मागे ४२ आहेत. ४२ भागिले १४, म्हणजे ३. पुढे १२ आणि मागे ५० केले तर ४.१७. म्हणजे इंजिन तेवढंच फिरलं तरी चाक आधीच्या पाऊणपटीहूनही कमी फिरणार आणि ओढ तेवढी वाढणार. मागचं मोठं चक्र लेथवर कापून मिळतं. चेन लांब घ्यावी लागते. पुढचं फार लहान केलं तर चेन स्विंगआर्मच्या रबरावर घासते, म्हणून बाराच्या खाली मी जात नाही. बरोबर जमलं की नाही हे बघायला आकडेमोड लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता, सपाटीवर गाडी चालू द्या आणि कुणाला तरी बाजूने चालायला सांगा. तो माणूस नेहमीच्या चालीने पुढे निघून गेला तर गिअर बरोबर.

उभं राहायची जागा पुढची. ट्रायल्समध्ये बसणं नसतं. फूटरेस्ट कापून दीड-दोन इंच मागे आणि थोडे खाली वेल्ड करून घ्या, रुंद आणि दातेरी. किक मारताना पाय अडकत नाही ना, ते पक्क्या वेल्डिंगच्या आधी नुसतं टाचून बघा. मी नंतर बघितलं. हँडल इतकं उंच हवं की गुडघे किंचित वाकवून उभं राहिल्यावर मुठी पट्ट्याच्या रेषेत येतील. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर एका बोटाने ओढता येतील अशा आत सरकवा. त्यांच्या क्लॅम्पखाली नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळून बोल्ट जेमतेम आवळा. गाडी पडली की लिव्हर फिरते, तुटत नाही. एवढी एक युक्ती कळायच्या आधी मी चार लिव्हर मोडल्या.

इंजिनाखाली चार-पाच मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि पत्रा व इंजिन यांच्यामध्ये जुन्या टायरचा तुकडा. जांभा वरून मऊ दिसतो, पण त्याची कड इंजिनाच्या केसिंगला बसली की ऑईलची धार लागते.

रेस मऊ करणं

गाडी ट्यून करायची म्हटलं की लोकांना वाटतं पॉवर वाढवायची. इथे उलटं. इंजिनाने म्हाताऱ्या बैलासारखं चालावं, दचकू नये. ट्रायल्सचा खेळाडू सॅमी मिलर १९६४ मध्ये स्पेनला जाऊन बुल्टॅको कंपनीच्या शेर्पा या टू-स्ट्रोक गाडीला असाच शांत करत बसला, आणि १९६५ ला त्याच शेर्पावर स्कॉटलंडची ट्रायल जिंकला. मोठ्या ब्रिटिश फोर-स्ट्रोकची सद्दी तिथून संपत गेली.

आधी एअर फिल्टर स्वच्छ करा, प्लग नवीन टाका, व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्या. ते न करता कार्ब्युरेटरला हात लावणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं. मग इंजिन दहा मिनिटं चालवून चांगलं गरम करा. स्लोचा स्क्रू थोडा आत घेऊन आयडल जरा वाढवा. आता मिक्श्चरचा छोटा स्क्रू हळूच पूर्ण आत बसेपर्यंत फिरवा, जोर न लावता, आणि दीड फेरा बाहेर काढा. तिथून पाव-पाव फेरा इकडे तिकडे करत कान द्या. एका जागी इंजिन सगळ्यात वेगात आणि एकसारखं फिरतं. तीच जागा. मग स्लोचा स्क्रू सोडून आयडल खाली आणा. एक घोळ लक्षात ठेवा: बहुतेक फोर-स्ट्रोकमध्ये तो स्क्रू पेट्रोलचा असतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, टू-स्ट्रोकमध्ये बहुधा हवेचा असतो, बाहेर काढला की हवा वाढते. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता वरच रेंगाळलं तर गाडी लीन आहे. रेस देताना गुदमरली आणि प्लग काजळीने काळा झाला तर पेट्रोल जास्त. ही सेटिंग मी वर्षातून दोनदा करतो, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात.

रेसच्या मुठीत, केबल ज्या चकतीवर गुंडाळते ती चकती लहान करून घेतली की तेवढीच मूठ पिळली तरी केबल कमी ओढली जाते. खडबडीत कातळावर हात हलतो तेव्हा गाडी उसळत नाही. मोपेडची जुनी मूठ कधी कधी चालून जाते. नाहीतर लेथवाला आहेच.

शेवटचं काम, आणि ते खरंच शेवटी करा: मॅग्नेटला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाला, वजन वाढवणं. फिरणारं वजन वाढलं की इंजिन खालच्या रेसवर लवकर बंद पडत नाही. पहिल्यांदा मी घाई केली. लोखंडी कडं कापून आणलं आणि मॅग्नेटवर थेट वेल्ड करून घेतलं. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या चुंबकांची ताकद गेली. संध्याकाळभर किक मारली, ठिणगी नाही. दुसरं मॅग्नेट विकत घेतलं, मग लेथवाल्याकडून कडं बोल्टने बसेल असं बनवून घेतलं. त्याने ते फिरवून, जड बाजूला बारीक भोकं पाडून तोल जमवला, तेव्हा कुठे गाडी बसली. तोल न जमवता बसवलं तर क्रँकचं बेअरिंग जातं. साधारण अर्धा किलो वजन पुरे. चेनसेट आणि कार्ब्युरेटर बसल्यावरही गाडी बंद पडत असेल तरच यात पडा.

टायर आणि हवा

मोटोक्रॉसचा मोठ्या बोटांचा टायर बघून मोह होतो, पण तो चिखलासाठी. कातळावर त्याची बोटं वाकतात आणि गाडी सरकते. ट्रायल्सच्या टायरचे चौकोनी तुकडे लहान, जवळजवळ आणि मऊ रबराचे असतात, बाजूची भिंत लवचिक असते, आणि तो धोंड्याला अक्षरशः कवटाळतो. पुढे २.७५-२१, मागे ४.००-१८ हे माप मागायचं. पैसे एकाच टायरचे असतील तर मागचा घ्या.

खऱ्या ट्रायल्स गाडीचा मागचा टायर ट्यूबलेस असतो आणि त्यात हवा असते चार ते पाच पीएसआय, पुढच्यात सहाच्या आसपास. ट्यूब असलेल्या आपल्या गाडीत एवढी कमी चालत नाही. जांभ्याची कड रिमपर्यंत पोचते आणि ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. मी मागे आठ आणि पुढे दहा ठेवतो, आणि मागच्या चाकात रिम लॉक लावतो. नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. पंक्चरवाल्याचं मीटर इथे निरुपयोगी, त्याचा काटा दहाच्या खाली नुसता थरथरतो. शून्य ते पंधराचं वेगळं मीटर घ्या. एका पीएसआयने काय होणार असं वाटत असेल तर सकाळी सावलीत हवा मोजा, आणि अकरा वाजता तापलेल्या सड्यावर पुन्हा मोजा.

शॉकअप फार कडक नको. दोन्ही टोकं एकदम दाबून सोडली की पुढचं आणि मागचं सारखंच वर यावं, एक उडी मारतंय आणि दुसरं झोपलंय असं नको.

जागा

सडा रिकामा दिसतो, म्हणजे तो कुणाचाच नाही असं नसतं. आमच्या सरावाच्या तुकड्याच्या सातबारावर एकोणीस नावं आहेत, त्यातली बारा मुंबईत. गणपतीत सगळे आले तेव्हा आरतीनंतर विचारलं आणि होकार मिळवला. एरवी फोनवर जमलं नसतं. पावसाळ्यात सड्यावर भातही असतं आणि फुलंही, तेव्हा चाक घालायचं नाही.

दुसरं, कातळशिल्पं. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यादीत नसलेली चित्रं तर कितीतरी सड्यांवर गवताखाली आहेत. रेषा काही ठिकाणी इतक्या उथळ की दुपारच्या उन्हात दिसतही नाहीत. नव्या सड्यावर गाडी उतरवायच्या आधी सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, पूर्ण तुकडा पायी फिरून बघा. एक जरी कोरलेली रेष दिसली तर गाडी परत चढवायची. हजारो वर्षं टिकलेली रेघ रिकाम्या फिरणाऱ्या टायरखाली क्षणात जाते.

पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, गाडी नकोच. वेळास, आंजर्ले, वायंगणी इथे कासवं अंडी घालतात, आणि खाऱ्या वाळूने बेअरिंगचं वाटोळं होतं ते वेगळंच. देवराईतही नाही. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे बंद पडलेली चिरेखाण. मालक एकच, नुकसान होण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि यंत्राने कापलेल्या सरळ पायऱ्या. आम्ही उंची फुटात मोजतच नाही: एक चिरा, दीड चिरा, दोन चिरे. फक्त पाण्याने भरलेल्या खाणीच्या कडेला जाऊ नका; तळ दिसत नाही आणि कडा खालून पोखरलेल्या असतात.

चालवायला शिकणं

पहिले आठ दिवस गाडी चालू करू नका. पुढचं चाक गडग्याला टेकवा, हँडल पूर्ण डावीकडे वळवा, पुढचा ब्रेक धरा आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून उभे राहा. पहिल्या दिवशी तीन सेकंदं जमेल. तोल हाताने सावरायचा नाही, गुडघ्यांनी आणि कमरेने. नजर चाकावर नको, समोरच्या माडाच्या शेंड्यावर ठेवा. रोज दहा मिनिटं केलं की दोन आठवड्यांत मिनिटभर उभं राहता येतं, आणि गडग्यापासून चाक चार बोटं मागे घेता येतं.

मग खळ्यात आठचा आकडा. दोन नारळ ठेवायचे, त्यांच्याभोवती हँडल पूर्ण वळवून फिरायचं. गाडी आत झुकते, आपण बाहेर राहायचं. वजन बाहेरच्या फूटरेस्टवर. क्लच इथे खरा शिकायला मिळतो. एक बोट कायम लिव्हरवर, प्लेटा जिथे धरायला लागतात त्या जागेच्या केसभर अलीकडे-पलीकडे. रेस जवळपास स्थिर, वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने. रस्त्यावर आपण हाफ क्लचला शिव्या देतो. ट्रायल्स सगळी हाफ क्लचवर चालते. म्हणून ऑईल मोटरसायकलचंच, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं. कारचं टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

पायरी चढताना बहुतेकांची चूक एकच: घाबरून जोरात येतात. एका चिऱ्यासाठी चालीच्या वेगाने सरळ समोरून या. चाक पायरीपासून हातभर असताना गुडघे वाकवून फोर्क दाबा, आणि फोर्क परत वर येत असताना उभे होत शरीर मागे न्या, त्याच क्षणी रेसचा एक छोटा झटका. पुढचं चाक वर गेलं की रेस बंद. इथे दुसरी चूक होते: रेस चालूच राहते आणि मागचं चाक पायरीला आपटून माणसाला पुढे फेकतं. मागचं चाक पायरीला लागेपर्यंत कंबर पुढे आणायची आणि गुडघे सैल सोडायचे. गाडी खालून वर येते, तिला येऊ द्यायचं. आधी माडाच्या ओंडक्यावर शिका. ओंडका गोल असतो, चूक माफ करतो. चिरा करत नाही.

उतरताना पहिला गिअर, कंबर मागे, पुढचा ब्रेक एका बोटाने. जांभ्याच्या बारीक गोट्यांवर पुढचं चाक अडकलं की माणूस गेला, तेव्हा दाबायचं ते थेंबाथेंबाने. वहाळात मात्र एकदा शिरलं की क्लचला हात लावू नका. पाण्याखालचे शेवाळलेले गोटे हलतात, गाडी डावी-उजवीकडे जाते, तिला जाऊ द्या. हँडल घट्ट धरलं की पडलात. आधी चपला काढून पायी फिरून या. जिथे तुमचा पाय घसरतो तिथे चाकही घसरणार.

हे जमायला लागलं की दोन-तीन जणांनी मिळून सेक्शन आखा. उजवीकडे लाल फडकं, डावीकडे पांढरं किंवा निळं, मधून जायचं. पाय एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात, गाडी बंद पडून पाय खाली आला किंवा फडक्याबाहेर गेलात तर पाच. अजिबात टेकला नाही तर शून्य, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. आमचे पंच तात्या. ते गडग्यावर बसून "टेकलंस!" म्हणून ओरडतात आणि गाडीचा आवाज जास्त झाला तर स्वतःच्या मर्जीने पाच देतात. यावर अपील नाही.

एकट्याने जाऊ नका. घोट्याच्या वरपर्यंत बूट, गुडघ्याला कवच, हेल्मेट, आणि मनगटाला बांधायचा किल स्विच: हात सुटला की इंजिन बंद. पडल्यावर हात कुठल्याही धोंड्याखाली घालून उठू नका, सड्यावर फुरसं असतं. चावलं तर चोखणं, कापणं, करकचून बांधणं काही करायचं नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी रुग्णालयात, तिथे विषावरचं इंजेक्शन असतं.

परत आल्यावर

चालीच्या वेगात इंजिनाला वारा लागत नाही, म्हणून वीस मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती. मीटर काढलेलं असल्याने किलोमीटर कळत नाहीत. वहीत तास लिहा. मी दर पंधरा तासांनी ऑईल बदलतो. फोमचा फिल्टर सड्यावरच्या लाल धुळीने दोन फेऱ्यांत भरतो. रॉकेल किंवा साबणाने धुवा, सावलीत वाळवा, फिल्टर ऑईलमध्ये पिळा.

धुताना सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू देऊ नका. बादली आणि ब्रश पुरे. मग चेनला तेल, फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं फडकं, फ्रेमच्या खालून जळकं ऑईल. डिस्कवर थेंब गेला तर पहिल्या उतारावर कळेल. खाऱ्या वाऱ्यात एक आठवडा नुसती उभी ठेवलेली गाडी महिनाभर चालवलेल्या गाडीपेक्षा जास्त झिजते.

जून ते ऑगस्ट गाडी मांगरात. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट साका धरतो. म्हणून टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करायची. चाकं जमिनीवरून उचलून लाकडावर. मागच्या श्रावणात उंदरांनी इग्निशनची वायर कुरतडली, तेव्हापासून वायरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं कवच घालतो आणि सायलेन्सरच्या तोंडात काथ्याचा बोळा कोंबतो. नारळी पौर्णिमेला गाडी बाहेर काढताना आधी बोळा काढायचा, मग किक. गेल्या वर्षी मी अर्धा तास किक मारली, तेव्हा तात्या खळ्यातून काही न बोलता नुसतं सायलेन्सरकडे बोट दाखवून आत गेले.